दोन हुकूम, एकच ‘जी’

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. हसू नका, अजून खणखणीत वाजतो! कारखान्यातून निघालो तो थेट कासार आंबोलीजवळच्या एका लष्करी छावणीत आलो. मोठ्या साहेबांच्या टेबलावर माझी जागा होती. रोज मऊ फडक्याने पुसत मला! पुढे मोबाइल आले आणि माझी रवानगी संगणक कक्षात झाली. तिथे मोबाइल न्यायला बंदी, म्हणून माझी नोकरी टिकली.

तिथे मला हवालदार निरंजन भेटला. लातूरकडचा, हुशार आणि अबोल. छावणीतले सगळे संगणक त्याच्या जिवावर चालत. पण त्याचे हाल काय सांगू! पहाटे कवायत, मग पहारा, मग संगणक. सुभेदार म्हणत, “आधी तू सैनिक.” मेजर मेधा मॅडम म्हणत, “आधी नेटवर्क.” कुणाच्या घरचा प्रिंटर बिघडला तरी मीच वाजायचो. निरंजन सगळ्यांना ‘जी’ म्हणे. फौजेत दुसरं उत्तर त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मला फार वाईट वाटे. त्याला बोलावणारा मीच होतो ना!

एका दुपारी मेधा मॅडमचा फोन आला. “तीन वाजता सर्व्हर बंद करा. तपासणी आहे.”

“जी, मॅडम.”

पाच मिनिटांत कॅप्टन वेदांत साहेब बोलले. “जवानांच्या सुट्ट्यांची यादी भरतोय. चारपर्यंत सर्व्हर चालू हवा.”

“जी, सर.”

अरे, काय हे! एकच सर्व्हर चालू आणि बंद कसा ठेवणार? निरंजन कपाळाला हात लावून बसला, पण दुसऱ्या हुकमाचं मॅडमना कळवलं नाही. तीनला त्याने सर्व्हर बंद केला. जवळजवळ भरलेली यादी पुसली गेली. चाळीस जवानांच्या सुट्ट्या अडकल्या. कॅप्टन साहेब माझ्यातून असे कडाडले, की काही विचारू नका.

निरंजनने कागद ओढला आणि नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. खोली झाडणारा, जवळच्या माले गावचा नथू सगळं बघत होता.

“सायेब, पेन्शनीला दोनच वर्सं ऱ्हायल्यात तुमच्या. दुसरा हुकूम बी व्हता, ह्ये म्याडमला ठावं हाय का?”

“नाही.”

“मंग सांगा की! लई झालं ह्ये जी-जी.”

निरंजनने मला उचललं. मॅडमचा नंबर फिरवला.

“मॅडम, तीनला बंद आणि चारपर्यंत चालू, असे दोन हुकूम होते. मी दोन्हींना हो म्हणालो. चूक माझी आहे. पण हे रोजचंच झालंय, मॅडम. आता मला झेपत नाही.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “तपासणी उद्या केली असती तरी चाललं असतं, निरंजन.”

यादी सगळ्यांनी बसून पुन्हा भरली. आता सर्व्हरबद्दलचा हुकूम फक्त मॅडमच देतात. अर्ज मात्र निरंजनने फाडलेला नाही आणि दिलेलाही नाही. एका दिवसात सगळं सुधारत नाही, मित्रांनो.

माझी एकच विनंती आहे. कुणाला काम सांगायचं असेल, तर आधी त्याची विचारपूस करा. परवा भर दुपारी मॅडमचा फोन आला. कामाचं बोलण्याआधी त्यांनी विचारलं, “निरंजन, जेवलात का?”

तो सवयीने ‘जी’ म्हणायला गेला, थांबला, आणि म्हणाला, “नाही, मॅडम.”

“मग आधी जेवा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.