लागू नाही

आमच्या कॉलेजची पदवी घ्यायला एकशे अठ्ठावीस क्रेडिट लागतात, एक परकी भाषा लागते, एक विज्ञान लागतं आणि पहिल्या वर्षाचा एक सेमिनार लागतो. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. सत्तावीस वर्षं रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या खिडकीत बसून मी हेच सांगतेय. माझ्याकडे स्वतःची पदवी नाही. पदवी नसलेल्या बाईने लोकांच्या पोरांना पदवीचे नियम शिकवायचे, आणि त्यात इथल्या एकाही विद्वानाला काही खटकत नाही.

व्हर्नन टॅकेट बॉयलरघरातला. ओहायोच्या या टेकडीखाली विटांची एक बुटकी इमारत आहे, तिथून वाफ निघते आणि वरच्या पोरांचे पाय हिवाळाभर गरम राहतात. कॉलेजच्या नोकरांना दर सत्रात एक विषय फुकट शिकता येतो. कागदावर हे फार शोभतं. प्रत्यक्षात कोण शिकणार, पाळी सांभाळून? व्हर्नन शिकला. सतरा वर्षं. वर्गात मागच्या दाराजवळची खुर्ची, कमरेला पेजर, आणि पेजर वाजला की उठून खाली. भूशास्त्र त्याने असंच केलं, स्पॅनिशही असंच केलं. एकतीस विषय झाले होते, एक राहिला होता. मे महिन्यात तो निवृत्त होणार होता आणि त्या दिवसापासून फुकट शिकणंही बंद होणार होतं.

ऑगस्टमध्ये मी पुढच्या मेच्या पदवीधरांची यादी तपासायला घेतली. व्हर्ननच्या कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा. फक्त पहिल्या वर्षाच्या सेमिनारच्या चौकटीत दोन शब्द होते. ‘लागू नाही.’ अक्षर माझं.

सतरा वर्षांपूर्वी हा माणूस कोपरापर्यंत काजळी घेऊन माझ्या खिडकीशी आला होता. चाळिशी उलटलेली. मला वाटलं, याचं कसलं आलंय पहिलं वर्ष. सेमिनार म्हणजे आईबापांनी गाडीतून आणून सोडलेल्या अठरा वर्षांच्या पोरांसाठी. मी मनानेच लिहून टाकलं. मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. सेमिनार फक्त शरद सत्रात, ऑगस्टअखेर ते डिसेंबर, असतात. नवी पोरं जुलैमध्येच पाच पसंत्या पाठवतात आणि सोळा-सोळा जागा भरून जातात. म्हणजे व्हर्ननला हे एकच सत्र उरलं होतं, आणि जागा एकही नव्हती.

मी रजिस्ट्रारसाहेबांकडे गेले. प्रेस्टन हॅडली, वय चौतीस, टेबलावर कधी कागद नसतो.

“सूट द्या त्याला,” मी म्हणाले. “चूक माझी आहे.”

“सेमिनारला सूट नाही, नोरीन. प्राध्यापकांनी तसा ठराव केलाय. अर्ज करता येईल. समिती नोव्हेंबरमध्ये बसते.”

“नोव्हेंबरमध्ये सेमिनार संपत आलेला असतो.”

“मला कल्पना आहे.”

“मग अर्ज कशाला करायचा, समितीच्या करमणुकीला?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आणि चूक तुमची असं लेखी दिलंत तर ते तुमच्या फाइलला लागेल.”

“लागू दे. तेवढं तरी काही लागू होईल.”

ते हसले नाहीत. पण माणूस अगदीच लाकडी नाही. मी दाराशी गेल्यावर म्हणाले, “पहिल्या दिवशी जाऊन जागा मागायला काही मनाई नाही.”

ती इथली जुनी रीत. वर्ग भरलेला असला तरी पहिल्या दिवशी चिठ्ठी घेऊन जायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपण का आलो ते सांगायचं. प्राध्यापकाला पटलं तर चिठ्ठीवर सही. पोरं रडून दाखवतात, एकाने गिटार आणलं होतं.

सेमिनारांची यादी घेऊन मी बॉयलरघरात उतरले. व्हर्नन डब्यातली मक्याची पोळी खात होता. त्याने परसातले दोन टोमॅटो माझ्यापुढे सरकवले, मिठाची पुडी सरकवली. मी सगळं सांगितलं. माझं अक्षर, माझी चूक, लाज वाटते हेही सांगितलं.

तो चावत राहिला. मग म्हणाला, “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“सेमिनार राहिलाय ते. आठ वर्षं झाली. नियमांचं पुस्तक मीही वाचतो, नोरीन. तू एकटीच नाहीस.”

“मग बोलला का नाहीस, मठ्ठ माणसा?”

“बोलायचं म्हणूनच तर.” त्याने हात पुसले. “तिथे गोल टेबल असतं. मागची खुर्ची नसते. प्रत्येकाने बोलायचं, त्याचे मार्क. मी एकतीस विषयांत तोंड उघडलेलं नाही. पेपर लिहिले, घरी गेलो. त्या पोरांसमोर मी काय बोलू? म्हटलं, तू लिहिलंयस लागू नाही, तर नसेल लागू. चाललंय तोवर चालू दे.”

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त या टेकडीचा आला. सतरा वर्षं हा माणूस वर्गात बसतो आणि एकाही शहाण्याला वाटलं नाही की त्याला विचारावं, टॅकेट, तुझं काय म्हणणं? पण तेव्हा ते बोलून उपयोग नव्हता. मी यादी त्याच्यापुढे आपटली.

“निवड. साखरेचा इतिहास. खोटं बोलण्याचं शास्त्र. आग आणि माणूस. हा घे, आगीचा. डोळे मिटून पास होशील.”

“आग मी दिवसभर बघतो.” त्याचं काळं बोट यादीवरून खाली गेलं आणि थांबलं. “हा.”

विषय होता ‘शांतता’.

“का रे?”

“शांततेच्या वर्गात बोलणार कोण?”

“व्हर्नन, तो सेमिनार आहे. शांततेवर बोलतात तिथे. तासनतास.”

“बघू,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोक्यातून ते काही निघेना.

पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला मी त्याला घेऊन गेले. चिठ्ठी मी हातात धरली होती, कारण त्याच्याकडे दिली असती तर तो वाटेतून परतला असता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता, कमरेला पेजर होताच. प्राध्यापिका इंग्रिड सॉर्ली, लहानखुरी बाई, सायकलचं हेल्मेट टेबलावर. भोवती सोळा पोरं. भिंतीशी आणखी एक मुलगी चिठ्ठी घेऊन उभी होती. व्हर्नन तिच्याशेजारी उभा राहिला. मी उघड्या दारात थांबले.

“चिठ्ठ्या नंतर,” सॉर्लीबाई म्हणाल्या. “आधी दहा मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. फक्त ऐका.”

दहा मिनिटं या पोरांना जड गेली. कोणी खुसखुसलं, कोणी पाय हलवले. व्हर्नन हात मागे बांधून उभा होता, बॉयलरपाशी उभा राहतो तसा, मान थोडी कललेली. मी त्याला इतका निवांत कधी पाहिला नव्हता.

मग बाईंनी विचारलं, काय ऐकलंत? एक म्हणाला, काहीच नाही. एक म्हणाली, माझा श्वास. एकाने विश्वाबद्दल काहीतरी सांगितलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई भिंतीकडे वळल्या. “आणि तुम्ही?”

व्हर्ननने माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. मनात म्हटलं, बोल बाबा. आता नाही बोललास तर कधीच नाही.

“छतावरच्या पंख्याचं बेअरिंग जातंय,” तो म्हणाला. “डावीकडचं. दोन आठवडे काढेल फार तर. खाली एक पंप दर चार मिनिटांनी सुरू होतो, तो ठीक आहे. गवत कापायचं यंत्र चॅपेलच्या मागे आहे, आज डार्लीन चालवतेय, ती वळणावर थांबत नाही. आणि त्या खिडकीजवळच्या मुलीने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तिचं पोट दोनदा बोललं.”

मुलगी लाल झाली आणि मग तीच सगळ्यांत मोठ्याने हसली. व्हर्ननने खिशातून पोळीचा तुकडा काढला, कागदात गुंडाळलेला, आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

“शांतता असते का हो, मिस्टर टॅकेट?” बाईंनी विचारलं. शर्टावर नाव शिवलेलं होतं.

“मला नाही भेटली अजून. एकदा सत्याण्णवच्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला होता. तेव्हा वाटलं, ही असेल. पण ती भीती होती.”

कोणीतरी वहीत लिहून घेतलं. सोळा पोरं त्याच्याकडे बघत होती, पुढे काय म्हणतो म्हणून. सॉर्लीबाईंनी हात पुढे केला, मी चिठ्ठी दिली, त्यांनी सही केली. भिंतीशी उभ्या मुलीच्या चिठ्ठीवरही केली. मग व्हर्ननला म्हणाल्या, खुर्ची ओढा. तो सवयीने दाराकडे वळला. दाराशी खुर्ची नव्हती. खिडकीजवळच्या मुलीने आपली सरकवून जागा केली.

मी कचेरीत परत आले. चिठ्ठी हॅडलीसाहेबांच्या रिकाम्या टेबलावर ठेवली, शेजारी माझ्या चुकीचा लेखी कबुलीजबाब. त्यांनी दोन्ही वाचले आणि कबुलीजबाब मला परत दिला. मी तो स्वतःच फाइलला लावला. राहू दे तिथे.

मग व्हर्ननचा कागद काढला. सतरा वर्षांची शाई खोडरबराने जात नाही. मी ते दोन शब्द आडव्या रेघेने खोडले आणि बाजूला उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, लिहिलं: शांतता. शरद सत्र. चालू.