टाळी वाजवायची नाही

परदेशी लोक ज्याला बेली डान्स म्हणतात, त्याला आम्ही नुसतं नाच म्हणतो. इजिप्तमधल्या आमच्या तान्ता शहरात सगळ्याच बाया नाचतात, बायाबायांत, दार लावून. त्यात माझ्या सासूबाई, हज करून आलेल्या म्हणून हाज्जा वगीदा, म्हणजे शेवटचा शब्द. वय एकसष्ट, डावा गुडघा झिजलेला. पण गल्लीत कुणाची मेंदी असली आणि त्यांनी कमरेला ओढणी बांधली, की विशीतल्या पोरी आपसूक कडेला सरकतात.

कैरोजवळच्या गिझातल्या एका हॉटेलात दिवसभर नाचाची कार्यशाळा आणि पाच वाजता नाचाचा कार्यक्रम, अशी जाहिरात मी फोनवर पाहिली आणि दोन जागा घेऊन टाकल्या. नवऱ्याला सांगितलं, आईंच्या गुडघ्यासाठी डॉक्टरकडं जातोय. हाज्जांनी तिथं शिकवणाऱ्या उस्तादांसाठी आमच्याकडचे साखरेत घोळवलेले चणे बांधून घेतले. रिकाम्या हातानं गुरूकडं जायचं नसतं म्हणाल्या.

हॉटेलच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं.

"कुणाकडं?"

"कार्यशाळेला."

"ती पाहुण्यांसाठी आहे, बाई."

"पाहुण्यांसाठी?" हाज्जा म्हणाल्या. "मग घरच्यांनी कुठं जायचं रे बाळा?"

पावती दाखवली, ओळखपत्रं दाखवली, पिशव्या उपसून दाखवल्या. आमच्या मागून आलेल्या चार गोऱ्या बाया हसत आत गेल्या. त्यांना कुणी हटकलंसुद्धा नाही.

आत चाळीसेक जणी होत्या, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेल्या. उस्ताद शौकत आमचेच, कैरोचे. मला वाटलं, आपल्या मुलखाच्या बाईला बघून खूश होतील. त्यांनी चण्यांचा पुडा घेतला, टेबलाखाली सरकवला आणि हात पुसले. संगीत सुरू झालं. दहा मिनिटं झाली असतील, ते आमच्याजवळ आले.

"हाज्जा, तुम्ही बसून घ्या. पडलात-बिडलात तर आमच्या अंगाशी येईल."

"चाळीस वर्षं नाचतेय, उस्ताद. अजून पडले नाही."

"बसा म्हटलं ना."

चाळीस जणींसमोर. हाज्जा जाऊन खुर्चीवर बसल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले, आणि तो राग मी अजून स्वतःवर काढते आहे.

पुढं एका पावलाशी सगळ्याच अडल्या. उस्ताद इंग्रजीत आकडे मोजत होते आणि पोरी पोट आवळून घामाघूम होत होत्या. माझ्या शेजारच्या वेणीवाल्या मुलीच्या तर डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. हाज्जांना बघवेना.

"अगं, पोटाला कशाला छळतेस? टाचेवर ये. टाच टेकली की कंबर आपली आपण पडते."

मी ते मुलीला इंग्रजीत सांगितलं. तिनं टाच टेकली आणि कंबर पडली, अगदी अलगद. ती आनंदानं ओरडलीच. आसपासच्या पाच-सहा जणी हाज्जांच्या खुर्चीकडं वळल्या.

उस्तादांनी संगीत बंद केलं. "मॅडम, इथं शिक्षक एकच आहे." मग वर्गाकडं वळून इंग्रजीत म्हणाले, "गावातल्या बायका अशाच नाचतात, जनावर चालतं तशा. त्यात शास्त्र नसतं. तुम्ही शास्त्र शिकायला आलाय."

"काय म्हणाला गं?" हाज्जांनी विचारलं.

"म्हणाले, छान सांगितलंत."

"मग सगळ्या माझ्याकडं कीव आल्यासारख्या का बघतायत?"

मी वाकून पायातला बूट सारखा करायला लागले.

पाच वाजता कार्यक्रमाच्या हॉलमध्ये गेलो. आमच्या तिकिटांवर तिसरी रांग लिहिलेली, पण खुर्च्यांवर दुसऱ्याच बाया. आयोजक शाहिनाज मॅडम लगबगीनं आल्या.

"शूटिंग आहे हो. पुढं सगळं एकसारखं दिसायला हवं. आणि तुमच्याच भल्याचं सांगते, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया नाचाच्या व्हिडिओत दिसल्या, तर उद्या तुमच्याकडं लोक काय म्हणतील?"

"लोकांचं आमचं आम्ही बघू. तिसरी रांग द्या."

"हे बघा, तमाशा करू नका."

नाच बघायला आलेल्या बाईला म्हणे तमाशा करू नको! मी आवाज चढवणार तोच हाज्जांनी माझा दंड धरला. आम्हाला अगदी मागं, एका जाड खांबाआड बसवलं. मान तिरपी केली तर अर्धं स्टेज दिसत होतं. वर सूचना झाली, रेकॉर्डिंग चालू आहे, नाच संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत, आवाज करायचा नाही.

कार्यक्रमाची नर्तकी बुसैना नाचायला आली. पस्तिशीची, जरा भरलेली, हिरव्या पोशाखात. दरबुका, आमचा मांडीवर घेऊन वाजवायचा ढोल, घुमायला लागला. तिनं खांद्याची एक अशी लाट सोडली की आमच्या गल्लीत असती तर भिंती दणाणल्या असत्या. इथं हॉल चिडीचूप. दोनशे माणसं परीक्षेला बसल्यासारखी. बुसैना हसत होती, पण डोळे हॉलभर कुणाला तरी शोधत होते. दरबुकावाल्यानं ठेका थांबवून तिला जागा दिली, तिनं कमरेनं जबाब दिला, तरी कुणी श्वाससुद्धा सोडला नाही.

"मयताला आलेत का हे सगळे?" हाज्जा पुटपुटल्या. "अगं, ती पोर एकटी पडलीय."

आणि त्यांनी तोंडावर हात आडवा धरून लग्नात घालतात तशी लांबलचक लुलुलुऽऽची ललकारी घातली.

बुसैनाची मान झटकन आमच्या दिशेनं वळली. त्यानंतर ती जे नाचली, ते तिच्या अंगात मघापासून कोंडून राहिलेलं होतं. पण ते आम्हाला पुरतं बघायला मिळालं नाही. शाहिनाज मॅडम दोन पहारेकरी घेऊन आल्या. "रेकॉर्डिंगची वाट लावलीत! बाहेर व्हा."

"आमच्या नाचाला आम्ही दाद द्यायची नाही? कुणाच्या बापाचा नाच आहे हा?" आता मात्र मी ओरडले. सगळा हॉल मागं वळून बघत होता. माझ्याकडं बघणाऱ्यांत उस्ताद शौकतही होते. ते गालात हसले.

आम्हाला मुदपाकखान्याच्या दारानं मागच्या अंगणात काढलं. मध्यंतरात त्याच दारातून बुसैना आली, पोशाखावर काळा पायघोळ झगा, अबाया, घातलेली.

"ललकारी कुणाची होती?"

"माझी," हाज्जा म्हणाल्या.

तिनं हाज्जांचा हात उचलून कपाळाला लावला. "सोळा वर्षं नाचतेय, खाला. आज आरशासमोर नाचल्यासारखं वाटत होतं. तुमच्यामुळं जीव आला."

"मग आत जाऊन सांग ना त्यांना!" मी म्हणाले. "म्हणावं, या दोघींना पुढं बसवल्याशिवाय मी नाचणार नाही. तुझं ऐकतील."

तिनं दाराकडं पाहिलं. "पुढच्या वर्षभराचं काम यांच्याचकडं आहे. मी इथं आले होते, हेही सांगू नका, बरं का."

ती आत गेली. दार लागलं.

परतीच्या मायक्रोबसमध्ये मी एकसारखी धुमसत होते. "एक शब्द बोलली असती तर काय जीव गेला असता तिचा?"

"तिचं घर चालतं त्याच्यावर. तिला कशाला बोल लावतेस?"

"मग कुणाला लावू? तुम्हाला राग येत नाही का, आई?"

"येतो तर. पण तिचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी आयोजकांना लांबलचक तक्रार लिहिली. उस्तादांचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. 'गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या वेळी एक जागा विनामूल्य देऊ.' मी ते हाज्जांना वाचून दाखवलं आणि या वेळी उस्ताद वर्गात इंग्रजीत काय म्हणाले होते, तेही खरं खरं सांगितलं.

"जनावर म्हणाला? मला?"

"हो."

"आणि तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस? तिथंच त्याला उत्तर दिलं असतं मी."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.