बोरीच्या पात्रातले शिंपले

दिल्लीहून संशोधन निधीचा अर्ज परत आला, तेव्हा डॉ. दानेश्वरी हिरेमठ यांनी त्यावरचा शेरा दोनदा वाचला. विषय चांगला आहे; पण बोरी नदीतले शिंपले कमी झाले म्हणता, तर आधी ते किती होते याची नोंद कुठं आहे?

नोंद होती. त्या बी.एस्सी.ला असताना बसलिंगप्पा सर दर महिन्याला मुलांना अक्कलकोटच्या एसटीत घालून बोरीकाठी न्यायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सर पात्रात उतरायचे आणि आकडे ओरडून सांगायचे. काठावर प्रयोगशाळेतले कासीमचाचा ते लिहून घ्यायचे. मग बाभळीखाली बसून सगळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायचे. सर जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. दानेश्वरी आता त्याच कॉलेजात शिकवत होत्या. विभागाची रंगरंगोटी झाली तेव्हा जुन्या वह्या रद्दीत गेल्या, असं सगळेच सांगत.

एकदा विचारून तरी पाहावं, म्हणून दानेश्वरी कासीमचाचांच्या घरी गेल्या.

"रद्दीत न्हाय गेल्या," चाचा म्हणाले. "मी घरी आणल्या. सतरा वर्षं लिवलेलं फेकवंना की."

पेटीतून वह्या निघाल्या, पण सगळं उर्दूत. चाचांची शाळा उर्दू. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. मग महिनाभर कॉलेज सुटलं की दानेश्वरी तिथं जाऊन बसत. चाचांची सून शगुफ्ता वाचे, आणि त्या लॅपटॉपवर उतरवून घेत. एके दिवशी वाचता वाचता शगुफ्ता थांबली आणि हसू लागली.

"मॅडम, हितं लिवलंय, दानू पाण्यात पडली. अकरा शिंपले सांडले. सर रागावले न्हाईत."

दानेश्वरीही हसल्या. मग त्यांनी ती ओळही जशीच्या तशी टाइप केली. दानू म्हणणारं आता कॉलेजात कुणी उरलं नव्हतं.

नव्या अर्जात त्यांनी पूर्वीच्या नोंदींखाली दोन नावं घातली, सरांचं आणि चाचांचं. ऑनलाइन मुलाखतीत निवड समितीच्या एका सदस्यानं विचारलं, "हे कासीम शेख कोण? त्यांचं शिक्षण?"

"सातवी," दानेश्वरी म्हणाल्या. "पण सतरा वर्षांत त्यांचा एकही महिना चुकलेला नाही. अशी नोंद आपल्या भागात दुसरी कुणाकडे असेल, तर मी अर्ज मागं घेते."

पुढचा प्रश्न शिंपल्यांवरच आला. तीन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं.

पहिल्या फेरीला चाचाही गाडीत बसले. गुडघे दुखत असल्यानं त्यांना पात्रात उतरता येईना. काठीनं दाखवत ते नव्या मुलींना सांगू लागले, "त्या खडकापाशी बघा, बेटा. तितं लई असायचे. सर पैले तितंच जायचे."

दानेश्वरींनी सलवार वर खोचली आणि त्या खडकाच्या दिशेनं पाण्यात चालू लागल्या.