खडूची केबिन

माझा मुलगा कपाटं बनवतो. कागदावरच्या नकाशावर त्याचा काडीचाही विश्वास नाही. फळीला करवत लावण्याआधी तो कारखान्याच्या फरशीवर खडूने खऱ्या मापाची आकृती काढतो आणि तिच्यात उभा राहून बघतो. त्यामुळे आमची पहिली क्रूझ ठरवायची वेळ आली, तेव्हा जहाजावरची केबिनही फरशीवरच उतरली.

आमच्या बजेटमध्ये दोन प्रकारच्या केबिन बसत होत्या. एकीला गोल खिडकी होती, पण झोपायची सोय तिघांचीच. दुसरीत चौघं मावत होते, पण खिडकी नव्हती. चौघांची आणि वर खिडकीवाली हवी, तर नाकापेक्षा मोती जड. आणि आम्ही तर चौघं: मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची नात चिमणी आणि मी. त्यात बापाने चिमणीला खिडकी आधीच कबूल करून ठेवलेली.

मी म्हणून टाकलं, मला बोट लागते. तुम्ही तिघं जा, मी घर सांभाळतो.

"घर कुठे पळून चाललंय?" सूनबाई म्हणाली. "आणि आबा, आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवलाय का? न चढताच लागली?"

आठवडाभर हाच घोळ चालला. शेवटी रविवारी दुपारी मुलाने कारखाना झाडून घेतला आणि बिनखिडकीची केबिन आखली. खालचे दोन पलंग, कपाट, कपाटातले कप्पे, न्हाणीघर, सगळं नेटकं. वरच्या दोन बर्थसाठी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकल्या. मग आम्ही आपापल्या जागी आडवे झालो. मुलाचे पाय रेघेबाहेर वीतभर गेले.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, ते हेच," सूनबाई म्हणाली.

चिमणी मात्र वरच्या फळीवर गाल फुगवून बसली होती. मी तिची समजूत काढायला गेलो नाही. मुलांना समजावायला लागलं की ती कान मिटतात. विचारलं की उघडतात. मी एवढंच विचारलं, की जहाजावर सकाळी उठल्यावर तू काय करशील? दात घासणार, म्हणाली, आणि समुद्र बघायला बाहेर जाणार.

"मग जा की," मी म्हणालो.

ती खाली उतरली. खडूच्या रेघेच्या आतून एक फेरी मारून थांबली.

"बाबा, दार कुठंय?"

मुलाने पाहिलं आणि डोकं खाजवलं. कपाटवाल्याचं दार नेहमी शेवटी. सांगाडा उभा राहिला, की मग बिजागऱ्या. त्याच सवयीने त्याने केबिनला दारच ठेवलं नव्हतं. सूनबाईला हसू आवरेना. आठवडाभर खिडकीवरून भांडलो, आणि दार नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चिमणीने बापाच्या हातातला खडू घेतला, रेघ पायाने पुसून दार काढलं आणि त्यातूनच बाहेर पडली. मागचा जिना चढून थेट गच्चीवर गेली. मीही गुडघे धरत मागून गेलो. हा डेक, तिने मला सांगितलं. मग विचारलं, खिडकीवाल्यांचा डेक वेगळा असतो का? मी म्हणालो, नाही, सगळ्यांचा एकच, आणि दिवसभर उघडा.

तिने दोन्ही हातांची बोटं जुळवून वाटोळी खिडकी केली आणि तीतून पाहिलं. मग हात खाली घेऊन पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"राहू दे खिडकी," ती म्हणाली. "पण आबा, तुम्ही माझ्या खालच्या पलंगावर झोपायचं."

"अगं, मला बोट लागते ना."

"लागली तर डेकवर येऊ," ती जिना उतरता उतरता म्हणाली. "दार काढलंय मी."