उशिराची धार

चुलाण्याशी उभ्या लेपाने कणकेची लांब वळी केली, तांब्याचा हंडा आणि त्याचं टोपण यांच्या सांध्यावर फिरवली आणि अंगठ्याने दाबत दाबत एक फेरी पुरी केली. मग पुन्हा वाकून दुसरी. कुठे बोटभर फट राहिली तर वाफ तिथूनच पळते, आणि वाफेबरोबर वर्षभराची मेहनतही.

"वहिनी, डावीकडे भेग दिसतेय," ओब्रेन म्हणाला.

"भेग नाही, माझ्या अंगठीचा वळ आहे तो. तू आपली नळी सांभाळ."

ओब्रेन हा तिचा धाकटा दीर. भट्टीच्या छपराखाली, ज्या नळीतून धार पडते तिच्या तोंडाशी तिवई टाकून तो बसला होता. गेल्या वर्षीपर्यंत त्या तिवईवर लेपाचा नवरा बसायचा. एप्रिलमध्ये स्रेतेन गेला. येत्या शनिवारी त्याचे सहा महिने भरत होते. थडग्यावर मेणबत्त्या लागणार, नातलग जमणार, आणि त्यांच्या हातात राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, जो पेला द्यायचा तो याच अंगणातल्या आलुबुखारांचा, याच भट्टीतला हवा होता. बाहेरची विकत आणून पाजली असती तर स्रेतेन थडग्यातून उठून भांडायला आला असता.

पण खरा प्रश्न होता हंड्याचा. ओब्रेनला तो टेकडीखाली आपल्या घरी न्यायचा होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हंडा वडिलांचा, म्हणजे दोघा भावांचा. एकट्या बाईला लाकडं, पाणी, आंबवणाची भरलेली पिंपं झेपायची कशी? शिवाय भट्टीवर नुसती मेहनत पुरत नाही, जीभ लागते.

"दादाच्या भट्टीतून भिकार माल निघाला, तर लोक तुला नाही, दादाला नावं ठेवतील," तो ऑगस्टमध्येच म्हणाला होता.

लेपा हटली नव्हती. शेवटी तोडगा निघाला. पहिली भट्टी लेपाने लावायची आणि वेलिझारकाकांनी चाखायची. त्यांनी 'स्रेतेनसारखी आहे' म्हटलं, तर हंडा जागचा हलणार नाही. नाही म्हटलं, तर रविवारी ट्रॅक्टर येणार.

ऐंशी वर्षांचे वेलिझारकाका सकाळपासून भिंतीकडेच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात काठीवर आणि हनुवटी हातांवर. या टेकड्यांत राकियाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. तेही ते जाणून होते, म्हणून फार बोलत नसत.

बोलायचं काम ओब्रेनची बायको झागोर्का करत होती. निखाऱ्यांवर लाल मिरच्या भाजता भाजता तिने गावातली दोन लग्नं मोडून दाखवली होती.

"जाऊबाई, बाईमाणूस भट्टीवर म्हणजे नवलच हं. माझी सासू असती तर तिने क्रॉस काढला असता छातीवर."

"तुझी सासू ती माझीही सासूच होती," लेपा म्हणाली. "मिरच्या जळताहेत."

हंडा तापला. आधी टोपणात गुरगुर झाली, मग थंड पाण्याच्या पिंपातून गेलेल्या नळीला घाम आल्यासारखा झाला आणि पहिला थेंब पडला. राकिया दोनदा गाळतात; आजची ही दुसरी खेप. तिची पहिली पेलाभर धार कोणी पीत नाही. ती डोळ्यांत झोंबते आणि डोकं फोडते. गुडघे चोळायला ती वेगळी ठेवतात. ओब्रेनने ती बाजूला काढली, नळीखाली काचेचा मोठा बुधला सरकवला आणि मधल्या धारेचा पहिला घोट भावाच्या नावाने जमिनीवर सोडला. लेपाने ते पाहिलं आणि तिला त्याचा राग धरणं थोडं अवघड गेलं. ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता.

आता मधली धार. ती संपते कुठे आणि शेपूट सुरू होतं कुठे, यातच सगळी मेख असते. शेपूट म्हणजे पाणचट, ओल्या फडक्याच्या वासाची धार. ती थोडी जरी बुधल्यात पडली तरी सगळ्या राकियाला तो वास लागतो. नेमक्या क्षणी बुधला काढून खाली बादली लावावी लागते; याला धार कापणं म्हणतात. तो क्षण सांगणारा माणूस म्हणजे भट्टीचा मालक.

"तू सांग," ओब्रेन म्हणाला. "तू म्हणशील तेव्हा बदलतो. मी मध्ये तोंड घालणार नाही, वचन."

लेपाने मान हलवली आणि चुलाण्यासमोर आपल्या जागी बसली.

एक गोष्ट तिच्याखेरीज जिवंत माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी हिवाळ्यात स्रेतेन तापाने तीन आठवडे पडून होता. उठला तेव्हा त्याला कांदा आणि सफरचंद सारखंच लागत होतं. महिनाभर त्याने कोणाला कळू दिलं नाही. मग एका सकाळी गोठ्यात गाईच्या पाठीवर कपाळ टेकून रडताना लेपाने त्याला पाहिलं. जीभ गेलेला माणूस भट्टीवर बसतो म्हटल्यावर गाव हसून हसून मेलं असतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या पानगळीत लेपा स्वयंपाकघर सोडून चुलाण्याशी येऊन बसली, म्हणे जाळ बघायला. स्रेतेन चाखायचा, गंभीरपणे मान डोलवायचा आणि पेला तिच्या हाती द्यायचा. "विसळून आण." जाता जाता ती तळचा घोट जिभेवर घ्यायची. वेळ झाली की येऊन एक लाकूड जाळातून बाहेर ओढायची. मग स्रेतेन जरा वेळ छपराकडे बघायचा, तांबं त्याच्याशी काही बोलतंय असा चेहरा करायचा आणि म्हणायचा, "बास. बदला."

लोक म्हणू लागले, उतारवयात स्रेतेनचा हात बसला. कोणी अशी स्तुती केली की तो सगळ्यांच्या डोक्यांवरून तिच्याकडे बघायचा. एवढंच. पण आधीच्या तीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे जेवढं बघितलं नसेल, तेवढं त्या नऊ पानगळींत बघितलं. लेपाला हंड्याची हाव नव्हती. तिला ते बघणं हवं होतं, आणि ते मिळण्याची एकच जागा तिला ठाऊक होती. माणूस गेलाय हे तिला कळत होतं, रोज सकाळी नव्याने कळत होतं. तरी हे छप्पर रिकामं झालं तर तो दुसऱ्यांदा जाईल, असं तिला वाटत होतं.

दुपार झाली. बुधला गळ्यापर्यंत येऊ लागला. ओब्रेनने पेला नळीखाली धरला आणि तिच्याकडे दिला. लेपाने घोट घेतला. अजून गोड होती, आलुबुखाराच्या सालीचा वास नाकात चढत होता. थोड्या वेळाने दुसरा पेला. कड जराशी बोथट झालेली. तिसऱ्या पेल्यात वासामागे काहीतरी ओलसर उभं होतं, दाराबाहेर उभं राहावं तसं. आता.

ती वाकली आणि जळतं लाकूड बाहेर ओढून राखेत ठेवलं.

आणि थांबली.

धार पडत होती. धूर सरळ वर गेला. ओब्रेन तिच्या शब्दाची वाट बघत होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वचन पाळत. झागोर्का मिरच्यांची साल काढत होती. लेपा राखेकडे बघत राहिली. मान वर करायची नव्हती. मान वर केली नाही तर तिवईवर कोण आहे ते दिसत नाही. तो आता छपराकडे बघत असेल. उगाच लांबवतोय, नाटकी मेला. आता म्हणेल. आता.

"जाऊबाई," झागोर्का म्हणाली, "डोळा लागला की काय?"

लेपा दचकली. बुधल्यात पडणारी धार पांढुरकी झाली होती.

"बदल," ती म्हणाली. "बदल, ओब्रेन."

त्याने घाईने बादली लावली. मग बुधल्याकडे पाहिलं आणि वास घेतला. लिटरभर तरी शेपूट आत गेलं होतं.

"वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुला झेपणार नाही म्हणत होतो ना मी? यात कमीपणा नाही. दादाची जीभ दादाबरोबर गेली."

लेपाच्या ओठांवर आलं होतं. नऊ वर्षं मीच कापत होते. पाच शब्द, आणि हंडा राहिला असता. चूक एकदा होते, एकदा माफ होते. पण शनिवारी थडग्याशी उभं राहून पाहुणे कोपराने एकमेकांना ढोसणार, बायकोच्या जिभेवर नाव कमावलं म्हणणार. तिने ते शब्द गिळले.

"काकांना द्या," ती म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय."

वेलिझारकाकांनी छोटी बाटली मागून घेतली, अर्धी भरली, तळहातावर आपटली आणि जोर कळावा म्हणून कडेला जमलेल्या बुडबुड्यांची माळ उजेडात धरून बघितली. मग पेल्यात ओतली. हुंगली. एक घोट घेऊन डोळे मिटले. त्यांचं तोंड वाकडं झालं, कोणालाही दिसेल इतकं. दुसरा घोट मात्र त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला.

"स्रेतेनसारखी आहे," ते म्हणाले.

ओब्रेनने त्यांच्या हातातून पेला घेतला, चाखला आणि थुंकला.

"काका, वहिनीवर माया करायची तर दुसऱ्या गोष्टीत करा. यात शेपूट आलंय. आंधळ्यालाही कळेल."

"शेपूट आहेच. मी कुठे नाही म्हटलं?"

"मग दादासारखी कशी?"

"तू त्याची कुठली प्यायलास? व्हिएन्नाहून परत आलास त्याला आठ वर्षं झाली. त्याआधी सुट्टीत यायचास तो बिअरच्या बाटल्या घेऊन, आणि आमच्या पेल्यांकडे बघून नाक मुरडायचास."

झागोर्का खुदकन हसली. ओब्रेनने तिच्याकडे बघितलं तशी तिने मान खाली घातली.

"मी तुझ्या भावाजवळ या बाकावर तीस पानगळी बसलोय," वेलिझारकाका म्हणाले. "आधी दर वर्षी उशिरा कापायचा. हाव म्हणून नाही. भट्टी थांबवायचं त्याच्या जिवावर यायचं. माणसं जमलेली, जाळ चांगला लागलेला. 'आणखी एक पेला, काका. आणखी एकच, मग बदलू.' असं करता करता शेपूट आत. मी शिव्या द्यायचो, तो हसायचा. अशीच लागायची त्याची. अगदी अशीच."

"आणि अलीकडची?" ओब्रेनने विचारलं. "तीन गावं जिला नावाजत होती ती?"

म्हाताऱ्याने काठी हातात फिरवली. लेपाकडे त्याने बघितलं नाही.

"एका वर्षी अचानक वेळेवर कापायला लागला. मी म्हटलं, उत्तम. मी इथे चाखायला येतो रे, चौकशीला नाही. तुम्ही विचारलंत स्रेतेनसारखी आहे का. आहे. रविवारी ट्रॅक्टर कशाला आणतोस, त्याचं डिझेल वाचव."

काका काठी टेकत उठले आणि मिरच्यांच्या दिशेने गेले. झागोर्काने त्यांच्यासाठी पाव कापला.

लेपाने खाली ठेवलेला पेला उचलला. तळाशी घोटभर उरली होती. लग्नानंतरची पहिली तीस वर्षं ती आत होती, स्वयंपाकघरात, भट्टीवरच्या माणसांसाठी बटाटे सोलत. बाहेरून हसण्याचे आवाज यायचे, त्यात स्रेतेनचाही असायचा. पण तो काय बोलतो ते तिला कधी ऐकू आलं नव्हतं. आणखी एकच. ती ते त्याच्या आवाजात मनाशी म्हणून बघू लागली, आणि नीट जमलं.

तिने घोट घेतला. जड, ओलसर, जिभेवर रेंगाळणारा. वाईट होती. तिने ती सगळी प्यायली.

ओब्रेन बुधल्याशी उकिडवा बसला होता. हरला तरी माणूस कामाचा होता. त्याचं डोकं पुढच्या गोष्टीकडे वळलं होतं.

"वहिनी, हंडा राहिला इथे, मी शब्द फिरवणार नाही. पण शनिवारी हे पाजायचं नाही आपण लोकांना. पाणी घालून पुन्हा हंड्यात टाकू आणि उद्या सकाळी परत गाळू. शेपूट निघून जाईल. या वेळी तू वेळेवर सांगशील, मला माहीत आहे."

"शनिवारसाठी उद्या दुसरं पिंप लावू," लेपा म्हणाली. "ते मी वेळेवर कापीन."

"आणि याचं काय करायचं?"

लेपाने बुधला दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला. अजून कोमट होता.

"हे असंच राहू दे," ती म्हणाली. "याला हात लावू नकोस. मला बूच दे."