एकाच दाराने शिकविलेली वाट

वाचकहो, माझ्या पत्नीची दृष्टी गेल्यानंतर आमच्या घरी जे घडले, ते मी येथे यथामती निवेदन करणार आहे. या कथेत उंदरांचा सहभाग मोठा आहे. कोणास हसू आल्यास माझी हरकत नाही. मात्र हसून झाल्यावर पुढे वाचावे, ही विनंती.

मी एका संशोधनशाळेत उंदरांची निगा राखतो. तेथे अधिकच्या चिन्हासारखी एक लाकडी वाट मांडलेली असते. तिच्या एका टोकाशी दाणा ठेवून उंदीर दुसऱ्या टोकाला सोडतात. प्रत्येक फेरीनंतर मी स्पिरिटच्या फडक्याने फळ्या पुसतो, जेणेकरून मागल्या वासाने चुगली करू नये.

पत्नीची दृष्टी गेल्यावर काही काळाने आम्हांस घर बदलावे लागले. जुन्या घराच्या भिंती पत्नीच्या ओळखीच्या होत्या; नव्या घरात ती पाहुणी झाली. तिचे थोरले बंधू म्हणाले, "भावोजी, तुम्ही दिवसभर उंदरांत. ही पडली-झडली तर उचलणार कोण? पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो आणि घेऊन जातो."

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "दादाच्या घरी मी कोपऱ्यातली कुंडी होईन. आठवण आली की पाणी घालतील, एवढंच. मला नाही जायचं हो."

म्हणून मी शिकवणी आरंभिली. तिला मुख्य दारात उभे करायचे, सरळ चालवायचे, उजवीकडे वळवायचे, की स्वयंपाकघर. थोड्याच दिवसांत ती न अडखळता जाऊ लागली आणि मी मनोमन फुशारलो.

परंतु एका दुपारी ती स्वयंपाकघरात जाण्यास खाटेवरून उठली, सवयीने उजवीकडे वळली आणि कपाटावर आदळली. कपाळाला टेंगूळ आले.

"कपाट हलवलंत का?"

"छे! मी कशाला हलवू?"

"मग घरच फिरलं असेल," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी संशोधक बाईंनी मला उंदीर समोरच्या टोकाने सोडण्यास सांगितले. आजवर एकाच टोकाने सोडलेला तो बिचारा नेहमीचे वळण घेऊन रिकाम्या कोपऱ्यात पोहोचला व तेथेच हुंगत राहिला. "यानं वळण पाठ केलं, जागा नाही," बाई म्हणाल्या. चहूकडून सोडलेले उंदीर मात्र कोठूनही दाण्यापाशी जात. खोली बदलली तरी लवकर सावरत. माझ्या हातातील फडके तसेच राहिले. माझी चूक माझ्यासमोर हुंगत उभी होती.

त्या संध्याकाळी मी पत्नीस म्हणालो, "आजपासून कुठूनही सुरुवात करायची."

"म्हणजे आता मला उंदीर करणार?"

"उंदराला दाणा तरी मिळतो."

"मग मला चहा द्या. आयता!"

कधी न्हाणीघरातून, कधी खिडकीपासून ती निघू लागली. उजवे-डावे सांगणे मी बंद केले. तिने आपली रीत स्वतःच बसविली: आधी थांबायचे, रस्त्याचा आवाज कोठून येतो ते पाहायचे, मगच पाऊल टाकायचे. नडगी आपटली की ती मला व माझ्या उंदरांना एकत्रच शिव्या घाली.

ठरलेल्या रविवारी मेहुणे आले. "चिमे, कपडे भर."

"आधी चहा घे," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. मेहुण्यांना खरे वाटेना. त्यांनी मागे जाऊन तिला खांद्यांना धरून गरगर फिरविले. "आता सांग, दार कुठं?"

ती क्षणभर थांबली. "तुझ्या पाठीमागं. आणि हात काढ, चहा उतू जाईल."

मेहुणे हसले, पण निघताना म्हणाले, "घरात ठीक आहे गं. बाहेर काय करशील?"

 तिने चपला चाचपून पायात घातल्या आणि ती पुढे झाली. जिन्याचा धडा मी तिला कधीच दिला नव्हता. मी हात पुढे केला आणि आवरला. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, वाहनांच्या आवाजाकडे तिने तोंड वळविले, कठडा शोधला आणि उतरू लागली. मेहुणे श्वास रोखून तिच्या मागे.

"दादा, जपून," खालून तिचा आवाज आला. "ही पायरी मोडकी आहे."

मेहुणे एकटेच घरी गेले.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
उंदीरमामा
(संशोधनशाळेत मला याच नावाने हाक मारतात.)