काळ्या डब्याचा वास

"ताई, हा लिमिटेड डबा घेण्यासारखा आहे का हो?"

दर आठवड्याला कोणी ना कोणी हे विचारतं आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तंबाखूचं दुकान माझं, गल्ला माझा. घ्या म्हटलं तर फायदा माझाच. तरी मी नको म्हणते. अहो, पाइपमध्ये भरायची तंबाखू ही, जाळून तिची राखच करायची. ती वर्षातून एकदा काढायची, डब्यावर सोनेरी अक्षरं छापायची, आणि मग चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी माझं शटर वर जायच्या आधी दारात रांग लावायची. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

मी स्वतः ओढत नाही, पण नाक बाबांचं घेतलंय. दुकानही त्यांच्याकडूनच आलेलं. बाबा आयुष्यभर एकच तंबाखू ओढत आले. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, आम्ही नुसतं भुरा डबा म्हणायचो. तिचा वास थोडा चामड्याचा, थोडा सुक्या अंजिराचा, आणि मागे कुठेतरी विझलेल्या शेकोटीचा. बाबांच्या कोटाला तो वास, उशीला तो वास, आमच्या शाळेच्या वह्यांनासुद्धा तोच. नवा डबा उघडणं हा त्यांचा सोहळा असायचा. झाकणाच्या कडेत एक झिजलेलं नाणं सारायचं, हलकेच पिळायचं, की डबा 'फस्स' करायचा. मग बाबा नाक खाली नेत आणि बराच वेळ वर काढत नसत. "पहिला वास एकदाच मिळतो," म्हणायचे. "नंतर उरते ती तंबाखू."

कंपनीने भुरा डबा बंद केला. खप चांगला होता, पण रोज मिळणाऱ्या वस्तूसाठी रांग कुठे लागते? वर्षाने तोच परत आणला म्हणे, काळ्या डब्यात, 'वारसा' नावाने. तीच जुनी कृती, फक्त एकदाच, पुन्हा होणे नाही! आमच्या दुकानाच्या वाट्याला तीन डबे आले. रोजच्या गिऱ्हाइकांना मी तोंडावर "संपले" म्हणून सांगितलं आणि तिन्ही डबे दादाला दिले. बाबा दादाकडे राहायचे आणि दादा म्हणाला होता, "बाबांसाठीच नेतोय गं."

दादा माझा थोरला भाऊ. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पाइप ओढतो रविवारी, तोही फोटोपुरता. त्याचा खरा शौक डबे न उघडण्याचा. सीलबंद तंबाखू जितकी जुनी होईल तितकी मुरते, असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्यात थोडंफार तथ्य आहे, नाही असं नाही. पण माणूस कशाला तरी मुरवतो ना? याच्या बैठकीत काचेचं कपाट, कपाटात दिवा, आतल्या हवेतला ओलावा दाखवणारं यंत्र, आणि किल्ली याच्या जुडग्यात. बाबांची खोली मागच्या बाजूला, उन्हाळ्यात तापणारी. डब्यांना मात्र थंड कपाट. काळे डबे त्या कपाटात जाऊन बसले आणि बाबा त्याच घरात कसली तरी गोडमिट्ट तंबाखू ओढत राहिले. मागितला का नाही म्हणून मी त्यांच्यावर चिडले, तर म्हणाले, "त्याची वस्तू आहे. देईल तेव्हा देईल."

मग त्यांना घशाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. तंबाखू त्याच दिवसापासून बंद. स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास पुढे गळ्याला केलेल्या भोकातून. बोलणं जाईल, त्याची आम्ही मनाची तयारी केली होती. वहिनीने लिहायला पाटीसुद्धा आणून ठेवली होती. बाबांनी एकच विचारलं, "आणि नाक?"

डॉक्टर म्हणाले, "हवा नाकातून जाणार नाही. वास जवळजवळ येणार नाही."

दादा तेव्हा फोनवर होता. पण घरी येताना मी त्याला सांगितलं, एकदा नाही, दोनदा सांगितलं.

ज्या संध्याकाळी बाबांना दवाखान्यात भरती करायचं होतं, त्या दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. बाबांना धड गिळवत नव्हतं. ताट बाजूला सारून ते म्हणाले, अगदी परक्याच्या घरी पाणी मागावं तसं म्हणाले, "त्यातला एक काळा डबा उघडूया का रे? ओढणार नाही. नुसता वास."

दादाचा घास हातात राहिला. "बाबा, अजून निदान दोन वर्षं तरी हवीत त्याला. आत्ता उघडला तर वाया जाईल."

"दोन वर्षांनी कोणाच्या नाकाने घेणार आहेत वास?" मी म्हणाले.

"तू गप्प बस. माझ्याकडे दुसरे उघडे डबे आहेत की! त्यांतला कुठलाही घ्या, बाबा. हा परत मिळायचा नाही."

"आणि बाबा परत मिळणार आहेत? बाबांचं नाक?"

"तुला काय कळतंय त्यातलं! तू विकणारी."

त्याच्या अंगावर भांडं फेकायचं मी कसं टाळलं, ते माझं मला माहीत. बाबा हाताने 'राहू दे, राहू दे' करत होते, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. शेवटी वहिनी, जी नवऱ्यापुढे कधी ब्र काढत नाही, ती उठली, त्याच्या खिशातून जुडगा काढला आणि म्हणाली, "अहो, उघडता का मी उघडू?"

डबा टेबलावर आला. बाबांनी खिशातून ते झिजलेलं नाणं काढलं. नाणं कडेत बसेना. आणि माझा भाऊ, पोटचा मुलगा त्यांचा, त्यांच्या खांद्यावर ओणवा होऊन सांगत होता, "जपून हं बाबा, कड वाकवू नका. झाकण मी ठेवणार आहे."

फस्स झालं.

बाबांनी नाक खाली नेलं. मी समोर बसले होते, मलाही वास आला. केकच्या दुकानाचा. साखरेचा पाक आणि व्हॅनिला. ना चामडं, ना अंजीर, ना शेकोटी. लहानपणापासून त्या वासात वाढलेय मी, झोपेतही सांगेन. ती भुऱ्या डब्यातली तंबाखू नव्हतीच. तिची सावलीसुद्धा नव्हती. कंपनीने नाव विकलं होतं, डबा विकला होता, आणि आत भलताच पाला भरला होता.

बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ नाक वर काढलं नाही. मग म्हणाले, "हीच."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहिलंस?" तो मला म्हणाला. "मी जपली म्हणून."

मी तोंड उघडलं, तोच बाबांनी टेबलाखालून माझं मनगट धरलं. नाणं त्यांच्या मुठीतच होतं, ते मला रुतलं.

संध्याकाळी दवाखान्यात दादा कागदपत्रं करायला खाली गेला. वहिनी पाणी आणायला गेली. बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज आधीच खरखरीत झाला होता.

"ती नव्हती गं, मिरचे."

"माहितीये मला. आला होता वास."

"त्याला सांगू नकोस. पोराने इतकं जपलंय."

तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. सकाळी मी पोचायच्या आधीच त्यांना आत नेलं होतं. म्हणजे बाबांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो हा. आयुष्यातली शेवटची हौस फसली, आणि उरलासुरला आवाज त्या गाढवाला पाठीशी घालण्यात खर्च केला! मला कंपनीचा राग येतो, दादाचा येतो, आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त बाबांचा येतो. पण आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कोणाला?

आता बाबा दिवसभर दुकानात स्टुलावर बसतात. गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी. पाटीवर 'चहा' लिहितात, 'पंखा' लिहितात. त्या डब्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

परवा कंपनीने 'वारसा' पुन्हा काढला. फक्त एकदाच म्हणणारे, दुसऱ्यांदा! चार डबे आले होते, माझ्या मागच्या फळीवर रचून ठेवले होते. दादा ते न्यायला आला, त्याच वेळी एक नवखं गिऱ्हाईक उभं होतं. त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला, "घेण्यासारखा आहे का हो?"

मी बोलायच्या आत दादा सुरू झाला. "अहो, आमच्या वडिलांना विचारा! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी स्वतः उघडून दिला. वास घेतला आणि म्हणाले, हीच! हो ना बाबा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून नाण्याने काउंटरच्या काचेवर एकदा टक् केलं. मी ओठ दाबून धरले.

गिऱ्हाइकाने पाकीट काढलं. "द्या मग एक."

"आधी माझे चार बांध," दादा म्हणाला.

"संपले," मी म्हणाले.

"अगं, हे काय मागे दिसताहेत!"

"संपले म्हटलं ना!" मी इतक्या जोरात ओरडले की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. "तुलाही नाहीत, यांनाही नाहीत. संपले!"

दादा फळीकडे बोट दाखवत राहिला. आणि स्टुलावर बाबा हसायला लागले. खांदे हलत होते, गळ्यावरचा रुमाल हलत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज काही येत नव्हता.